अननसाच्या नावानं चांगभलं!

आमच्या ऑफिसात फळं टिकत नाहीत, किस्से टिकतात. फळाला चार दिवसांत डाग पडतो, मग ते डिस्काउंटमध्ये जातं, मग कुणाच्या तरी डब्यातून फ्रूट सॅलड होऊन परत येतं. किश्शाचं तसं नसतं. तो जुना होईल तसा गोड होत जातो, आणि सांगणारा दर वेळी त्यात चमचाभर साखर घालतोच. मीही घालणार आहे, आत्ताच सांगून ठेवते!

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची फळं आयात करणारी छोटी कंपनी आहे. पुढे ऑफिस, मागे गोडाऊन आणि मध्ये कधीही नीट न लागणारं काचेचं दार. मी क्वालिटी आणि लेबलिंग बघते. म्हणजे कुठल्या पेटीवर काय लिहायचं ते मी ठरवते, आणि चुकलं की शिव्याही मीच खाते. मालक आहेत पुण्याचे परांजपे सर. सेल्स सांभाळतात दाऊदभाई, रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या आंब्याच्या धंद्यात मुरलेले. आणि सगळ्यात नवा आहे कोजो.

कोजो बेनिनचा. बेनिन म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरियाला चिकटलेला एक चिंचोळा देश. मलाही तो आधी नकाशात शोधावा लागला होता. तिथल्या अल्लाडा पठारावर एक फार गोड अननस होतो, आणि त्याच्या नावाला आता कायद्याचं संरक्षण मिळालंय. पठाराच्या हद्दीत, ठरलेल्या पद्धतीने पिकवला तरच ते नाव लावायचं. बाहेरच्याने लावलं तर गुन्हा. आपल्या हापूसला आहे ना, तसंच!

कोजोची आई तिथल्या अननस पिकवणाऱ्या बायकांच्या सोसायटीची प्रमुख. नियमाने पिकवायचं म्हणजे कष्ट दुप्पट. उलट, रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला कच्चंपक्कं सगळं एका ट्रकमध्ये भरून दिलं की काम संपलं. त्यामुळे बायका कुरकुरायला लागल्या होत्या. मग कोजोच्या आईने त्यांच्याकडून एक सीझन मागून घेतला. या सीझनला परदेशातल्या एका तरी दुकानात आपलं फळ आपल्या नावाने टिकलं, तर नियम पाळायचे. नाही टिकलं, तर नाव गेलं खड्ड्यात आणि माल गेला ट्रकमध्ये. मुलगा दुबईकडे नोकरीला असल्यामुळे ते दुकान शोधायचं काम अर्थातच त्याच्या गळ्यात पडलं.

कोजो इथे आल्यावर गोडाऊनमध्येच हिंदी शिकला, मराठीही आता बरीच कळते त्याला. 'र' मात्र अजून फ्रेंच आहे, थेट घशातून येतो. तो 'रुको' म्हणाला की माणूस खरंच थांबतो.

*

पहिला माल विमानाने आला तेव्हा कोजो अबुधाबीला गेला होता. आम्ही पेट्या उघडल्या, आणि बघतो तर काय! अननस हिरवेगार! एकाच्याही अंगावर पिवळा ठिपका नाही.

दाऊदभाईंनी एक उचलला, उलटा केला, डोळे मिटून वास घेतला. "ताई, कच्चा माल मारलाय आपल्या माथी. पण तू घाबरू नको. आंबा पिकवणाऱ्यांच्या घरात जन्मलोय मी."

आणि त्यांनी चक्क आढी घातली! जनावरांच्या बाजारातून गवताचे भारे आणले. गोडाऊनच्या कोपऱ्यात गवत, त्यावर अननस, त्यावर पुन्हा गवत आणि वर गोणपाट. अगदी हापूसला घालतात तशी, साग्रसंगीत. रोज सकाळी आत हात घालून ऊब धरली का ते बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे.

कोजो परत आला आणि गोडाऊनच्या दारातच थबकला. अननसांनी रंग बदलला नव्हता, पण वास बदलला होता. आंबूस, गोड, थेट डोक्यात जाणारा. शारजात दारूचा थेंब विकत मिळत नाही, आणि आमच्या गोडाऊनबाहेर दोन ट्रक ड्रायव्हर काही काम नसताना रेंगाळत होते!

"दाऊदभाई," कोजो रडकुंडीला आला, "ये फल पकने के बाद भी हरा रहता है! पेड़ पे ही पकता है!"

"मग पिकलाय की नाही, हे गिऱ्हाइकाला कळणार कधी?"

"काटने के बाद!"

दाऊदभाईंनी गोणपाट परत नीट ओढलं. मग म्हणाले, "म्हणजे लग्नासारखंच की रे!"

*

दुसऱ्या मालाच्या वेळी परांजपे सरांनी मीटिंग बोलावली. सरांचं म्हणणं, अल्लाडा हे नाव इथे कुणाला माहीत आहे? त्यांनी स्वतः एक नाव काढलं होतं. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दुबई ग्रीन गोल्ड'. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे येऊन स्वतःच त्याच्याकडे कौतुकाने बघितलं.

कोजोने शांतपणे विचारलं, "सर, दुबई में खेत किधर है?"

"अरे, ब्रँडिंग आहे ते!"

कोजोचा चेहरा पडला. मी लेबलवाली असूनही काही बोलले नाही, कारण पगार सरांच्या हातात असतो.

त्याच आठवड्यात सर, मी आणि कोजो शारजातल्याच रोल्ला भागात एका दुकानात गेलो होतो. सरांना फळीवर एक पाकीट दिसलं, 'अस्सल पुणेरी बाकरवडी'. त्यांनी सवयीने ते उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पाकीट भलत्याच राज्यात तयार झालेलं होतं!

मग काय विचारता! दुकानदार बिचारा केरळचा, त्याला बाकरवडी म्हणजे काय हेही धड माहीत नसावं. सरांनी त्याला तिथेच उभं करून शिकवणी घेतली. पुणेरी म्हणजे काय, सारण कसं असतं, पुण्याचं नाव लावणं ही किती मोठी जबाबदारी आहे! "उद्या कोणीही उठेल आणि पुणेरी म्हणेल! काही लाजलज्जा?" मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानदार आपला "ओके सर, ओके सर" करत पाकीट परत मागत होता.

गाडीत बसल्यावरही सरांची शिकवणी चालूच होती. मग मागच्या सीटवरून कोजोने हळूच विचारलं, "सर, वो दुबई ग्रीन गोल्ड... कॅन्सल?"

"ते वेगळं आहे!" सर गरजले.

पण दुसऱ्या दिवशी बोर्ड पुसलेला होता.

*

आंब्याच्या दिवसांत दाऊदभाई ऑफिससाठी एक पेटी आणतात. त्या वर्षी पेटीवर लाल अक्षरात 'रत्नागिरी हापूस' होतं. दाऊदभाईंनी दोन फळं तिथेच कापून खाल्ली. "ही माती बघा! कातळावरचा आंबा. लहानपणी डोळे बांधून द्यायचे आम्हाला, चवीवरून वाडी सांगायचो!"

कोजोला या हापूसच्या नावाचं भारी कौतुक. त्याने आंबा खाल्ला, मान डोलावली, आणि मग स्वभावाप्रमाणे पेटी तपासायला घेतली. तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलला. एकदा त्या कागदाकडे, एकदा भिंतीवरच्या आमच्या मराठी कॅलेंडरकडे बघू लागला.

"दाऊदभाई, ये आपके गाव का पेपर है?"

"मग! अजून कुठला असणार?"

"आपका अक्षर ऊपर तार पे लटकता है," कोजो कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाला. मग हातातला कागद दाखवला. "इधर तार नहीं है. सब गोल-गोल बैठा है."

आम्ही वाकून बघितलं. कागद कानडी! ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून पेटी आणली, त्याने आंब्याच्या घराण्यालाच टोपी घातली होती. मला हसू आवरेना, परांजपे सर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

दाऊदभाईंच्या हातात अर्धी खाल्लेली कोय होती. ती त्यांनी सावकाश चोखून संपवली. "आंबा रत्नागिरीचाच आहे," ते म्हणाले. "लांबचा प्रवास, वाचायला घेतला असेल पेपर!"

पेटी मात्र त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याकडे परत गेली.

*

कोजोची ही तपासणी घरापर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे तो जेवायला आला होता. दाऊदभाई आणि भाभीही आले होते. मी म्हणजे पक्की डोंबिवलीकर, पण त्या दिवशी जोरात सांगितलं, "आज खास कोल्हापुरी चिकन केलंय!"

कोजोने चमचा खाली ठेवला. "मॅडम, आप कोल्हापूर से?"

"नाही रे, डोंबिवली."

"सर?" म्हणजे माझा नवरा मिलिंद.

"मी नाशिक."

"चिकन?"

मिलिंदने प्रामाणिकपणे सांगितलं, "ब्राझील. फ्रोजन."

"मिर्ची?"

मी आठवून बघितलं. मिरची पाकिस्तानी दुकानातली होती, कांदा इजिप्तचा. खोबरं तरी आपलं म्हणावं, तर ते श्रीलंकेचं निघालं. दाऊदभाई ताटात तोंड खुपसून हसत होते. आंब्याचा सूड माझ्या ताटावर निघत होता!

"फिर इसमें कोल्हापुरी क्या है?" कोजोने अगदी निरागसपणे विचारलं.

आमची ईरा, वय वर्षं बारा, मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाली, "अंकल, द ॲटिट्यूड!"

*

अखेर अबुधाबीतल्या एका मोठ्या सुपरमार्केटच्या नबीलने आम्हाला एक शनिवार दिला. नबील तिथला फळांचा खरेदी अधिकारी, मूळचा जॉर्डनचा. हसतमुख, पण हसत हसत माणसाला फळीवरून खाली उतरवणारा. "हबीबी, एक टेबल देतो. लोक थांबले तर बघू."

कोजो एप्रन घालून अननस कापत होता. दाऊदभाई हाळी देत होते. लोक हिरवी साल बघून लांबूनच जायचे. तेवढ्यात एक मराठी जोडपं आलं. बाईंनी किंमत वाचली. "अठरा दिरहॅम? अहो, म्हणजे चारशेच्या वर गेले की! अननसाला?" नवरा तोपर्यंत तिसरी फोड खात होता.

बाईंनीही एक फोड उचलली, पर्स उघडली आणि त्यातून चाट मसाल्याची पुडी काढली! पर्समध्ये चाट मसाला घेऊन परदेशात फिरणारी बाई बघून मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

"मॅडम, नहीं!" कोजो ओरडलाच. "इसका नाम खराब हो जाएगा!"

"नाव कोण खातंय? मी अननस खातेय," बाई म्हणाल्या, आणि मसाला भुरभुरून फोड तोंडात टाकली. डोळे विस्फारले. मग शेजारच्या दोन फिलिपिनो मुलींना मसाला दिला, मग एका इजिप्शियन आजोबांना. बघता बघता टेबलापुढे गर्दी! शेवटी त्यांनी एक फोड कोजोच्याच तोंडापुढे धरली. बाई इतक्या हक्काने देत होत्या, की नाही म्हणायची सोय नव्हती.

कोजोने खाल्ली. गुपचूप दुसरी उचलली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माँ को मत बताना."

नबीलने लांबून सगळं बघितलं आणि फळी दिली. नावासकट! मी स्वतः अरबी आणि इंग्रजीत पाटी करून घेतली, 'अल्लाडा पठाराचा अननस'. अट एकच होती. दर गुरुवारी फळीवरचं अननसाचं खोकं भरलेलं हवं. एक आठवडा चुकला, तर ती जागा किवीला.

*

आता शेवटचा.

सीझन संपत आला होता. दोन-तीन आठवडे तग धरला की आईचा शब्द खरा होणार होता. आणि नेमका तेव्हाच बेनिनहून फोन आला, या आठवड्याला माल नाही. फळ झाडावर आहे पण पिकलेलं नाही, आणि नियमाप्रमाणे पिकल्याशिवाय काढायचं नाही.

कोजो खुर्चीत बसला तो बसलाच.

मग त्यानेच सांगितलं, की त्याच्या मामाकडे तयार फळ आहे. आईच्याच शेतातली रोपं नेऊन मामाने लावलेली. चव तीच, रंग तोच, माल विमानात चढवायलाही मामा तयार. फक्त मामाचं शेत ओढ्याच्या पलीकडे, आणि नावाची हद्द ओढ्यापाशी संपते.

"ओढाच तो!" परांजपे सर म्हणाले. "उन्हाळ्यात कोरडा पडत असेल!"

"रोप तेच, रक्त तेच," दाऊदभाई म्हणाले. "एका व्हाळासाठी दुकान घालवतोस?"

खरं सांगते, मलाही वाटलं, पाठवावा. लेबलवाली असून वाटलं! इतके दिवस त्या पोराची धडपड बघितली होती. आता काठाशी येऊन बुडायचं म्हणजे फारच जिवावर येत होतं. कोजोनेही माझ्यासमोर हात पसरला. "मॅडम, स्टिकर दे दो." मी ड्रॉवर उघडला. स्टिकरचा रोल त्याच्या हातात पडला, आणि तो म्हणाला, "रुको. एक बार माँ से पूछता हूँ."

फोन स्पीकरवर लावला. कोजोने दोन वाक्यांत विचारलं. पलीकडून आई जी सुरू झाली, ती थांबेचना! आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. मध्ये मागच्या बायकाही बोलत होत्या. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत उभे.

शेवटी कोजो म्हणाला, "बोली, नहीं."

"एवढं बोलल्या, आणि फक्त नाही?" सरांनी विचारलं.

"बाकी सब मामा के बारे में था."

नंतर त्याने आईचं बोलणं सांगितलं त्याचा सारांश असा, की ओढ्याच्या पलीकडे राहायला गेल्यापासून माझा भाऊ काय वाटेल ते विकायला लागलाय. पलीकडच्यांचं पाणीच तसं आहे.

"अरे, पण मग गुरुवारी फळीवर ठेवायचं काय? ते विचार!" दाऊदभाई चिडून म्हणाले.

कोजोने विचारलं. या वेळी उत्तर छोटं आलं. "कुछ मत रखो. नाम रखो."

गुरुवारी दाऊदभाई आणि कोजो अबुधाबीला गेले. खोकं स्वच्छ पुसलं, रिकामंच फळीवर ठेवलं. नावाच्या पाटीखाली मी आणखी एक ओळ करून दिली होती, 'या आठवड्यात पिकला नाही.' बस्स!

दुपारी दोघं परत आले आणि मागोमाग नबीलचा फोन आला तो थयथयाटच. "हबीबी, तुम्ही मला रिकामं खोकं विकताय? आख्ख्या अबुधाबीत असं कोणी केलेलं नाही! खलास! रविवारी किवी!" दाऊदभाईंनी इन्शाल्ला, मालेश, जेवढी म्हणून अरबी येत होती तेवढी सगळी वापरली. काही उपयोग झाला नाही. कोजो डबा न उघडताच बसून राहिला. तिकडे आईने सगळ्या बायकांसमोर शब्द दिला होता, आणि तो शब्द आता एका रिकाम्या खोक्यात होता. मला फार वाईट वाटलं. सर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि सर असं कधी करत नाहीत.

शनिवारी सुट्टी, तरी आम्ही सगळे ऑफिसात होतो. कशाला, ते कोणी विचारलं नाही. कोजो व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. नबील! मी घाबरत घाबरत स्पीकरवर टाकला.

"मॅडम," नबीलचा आवाज वेगळाच होता. "काल एक बाई आली. विचारते, पिकला नाही म्हणजे काय? मी म्हटलं, पिकला नाही. ती म्हणाली, मग माझे दोन बाजूला ठेवा. तिच्या मागे दुसरी थांबली, कारण पहिली थांबली होती. आज सकाळपासून लोक रिकाम्या खोक्याचे फोटो काढतायत! भरलेल्या खोक्यापुढे इतके कधी थांबले नव्हते!"

दाऊदभाई खुर्ची ओढून फोनपाशी आले.

"पुढच्या गुरुवारी डबल पाठवा. नाव तेच, पाटी तीच. किवी खलास!"

परांजपे सरांनी दाऊदभाईंना मिठी मारली. बहुधा दोघांनाही नंतर त्याची लाज वाटली.

"आणि मॅडम..." नबीलने आवाज अगदी खाली आणला. "पुढच्या सीझनला एक आठवडा पुन्हा रिकामं ठेवता येईल का?"

कोजोने व्हिडिओवर आईला सगळं सांगितलं. डबलचं सांगितलं तेव्हा तिकडे बायकांनी एकच गलका केला. मग त्याने नबीलची शेवटची विनंती सांगितली. तिकडे आईने हात करून गलका थांबवला. मग तिने एकच प्रश्न विचारला, आणि कोजो हसत सुटला.

"काय म्हणाली? सांग ना!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"पूछ रही है, ये आदमी नाले के उस पार का है क्या?"